उणे अडीचशे अंशांची धूळ

धुळीला तापमान असते, हे वाक्य मी वर्गात अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आले, आणि बहुतेक दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारत असे, "मॅडम, कुठल्या धुळीला?" प्रश्न योग्य होता. टेबलावरच्या धुळीला खोलीचे तापमान असते. त्यात सांगण्यासारखे काही नाही. मी बोलत असे ती धूळ ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत असते. तिचे कण चुलीच्या धुरातल्या कणांएवढे, पुष्कळदा त्याहूनही बारीक. भोवती हवा जवळजवळ नाही, म्हणून ऊब मिळण्याचा मार्ग मुख्यतः एकच, ताऱ्यांचा प्रकाश. कण प्रकाश शोषून घेतो, किंचित तापतो, आणि तेवढीच ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. या देण्याघेण्यातून त्याचे तापमान ठरते ते शून्याखाली सुमारे अडीचशे अंश. इथे मुले हसत. याला तापणे म्हणायचे का? म्हणायचे, असे मी सांगत असे, कारण प्रकाश नसता तर ती धूळ याहूनही थंड असती.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. अभ्यासक्रमातले आकाश ग्रहांपाशी संपत असे. एका उन्हाळी प्रशिक्षणवर्गात, पुण्याला, सर्पिल आकाशगंगांवरचे एक व्याख्यान ऐकले आणि त्यातला एक प्रश्न मनात राहिला. दहाएक वर्षांनी, लग्न, घर, परीक्षांचे पेपर या सगळ्यातून वाट काढून, मी त्याच प्रश्नावर पीएच.डी.साठी नाव नोंदवले.

प्रश्न असा होता. सर्पिल आकाशगंगेच्या भुजांमध्ये नुकतेच जन्मलेले तारे असतात: निळसर, अतिशय तेजस्वी, अल्पायुषी, संख्येने थोडे. बाकी सगळीकडे, आणि मध्याजवळ दाटीने, जुने तारे असतात: पिवळसर-तांबूस, एकेकटा पाहिला तर मंद, पण असंख्य. धुळीला तापवते कोण? बरेच जण नव्या ताऱ्यांचे नाव घेत आणि अवरक्त प्रकाश मोजून आकाशगंगेत किती तारे नव्याने जन्मत आहेत याचा हिशेब मांडत. म्हणजे धूर दिसला की नवी चूल पेटली असे धरायचे. जुन्या चुलीलाही धूर असतो, हे लक्षात घेतले तर तो हिशेब पुन्हा तपासावा लागतो. माझे काम तेवढेच होते, जवळच्या काही आकाशगंगा घेऊन ते तपासण्याचे.

मी रात्र रात्र गच्चीवर बसते, असा शेजाऱ्यांचा समज होता. दुर्बिणीला मी डोळा लावला तो विद्यार्थ्यांच्या सहलीत, हरसूलच्या बाजूला एका माळावर, तेवढाच. माझी सामग्री अवकाशात सोडलेल्या एका अवरक्त दुर्बिणीने घेतलेली होती आणि ठरावीक मुदतीनंतर ती कोणालाही मिळत असे. पुण्याच्या संस्थेत मी ती सीडींवर उतरवून घ्यायची आणि निमआराम बसने, सिन्नरमार्गे, पर्समध्ये घालून घरी आणायची. काम दिवसा चाले, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. दार उघडे ठेवले की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत.

घरात आम्ही तिघे होतो. माझे पती अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात होते. सासूबाई आयुष्यभर मखमलाबादच्या बाजूच्या मळ्यात राबल्या होत्या, भाजी आणि झेंडू. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. मळा धाकटे दीर पाहत. आम्हाला मूल नव्हते.

माझ्या अभ्यासरजेचे दुसरे वर्ष चालू असताना, द्राक्षे उतरण्याच्या दिवसांत, हे कारखान्यातच गेले. हृदयविकार. फोन आला तेव्हा मी संगणकावर एका आकाशगंगेच्या मध्यबिंदूचे सहनिर्देशक टाकत होते. फोन ठेवल्यावर मी उरलेला आकडा टाकला, फाइल जतन केली आणि मग सासूबाईंना सांगायला गेले. हा क्रम मला अजून आठवतो. त्यात धैर्य नव्हते. हात चालू होते म्हणून चालत राहिले.

त्यानंतर बऱ्याच काळापर्यंत मला काही वाटले नाही. दुःख झाले नाही असे मी म्हणत नाही; ते कुठे आहे हे मला सापडत नव्हते, एवढेच सांगता येईल. मी जेवत होते, झोपत होते, कोणी काही विचारले तर पूर्ण वाक्यात उत्तर देत होते. नातेवाईकांना हे चमत्कारिक वाटले. एक चुलत सासूबाई माझ्यासमोरच म्हणाल्या, "शिकलेल्या बायांचं असंच असतं बघ. डोळ्यात पाणी नाय न् काय नाय."

"अगं, रडत नाय ती आतून झुरती," दुसऱ्या कोणी म्हणाल्या.

"तिचं ती बघंल," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "तुम्ही चहा घ्या."

आमच्याकडे सुतकाचे दिवस संपताना एक प्रथा पाळतात. गेलेल्या माणसाच्या नावाने लावलेल्या दिव्याखाली पीठ पसरलेले असते. ते टोपलीने झाकून ठेवतात आणि टोपली उचलल्यावर त्यात कोणत्या जिवाची पावले उमटली आहेत ते पाहतात. त्यावरून माणूस कोणत्या जन्माला गेला हे कळते, असे समजतात. टोपली उचलली तेव्हा सगळ्या बायका वाकल्या. चुलत सासूबाईंना लगेच दिसले. "पाखराचं पाऊल हाय. नीट बघा, तीन बोटं." मग इतरांनाही दिसले. मला विचारले तेव्हा मी मान हलवली. पीठ एका बाजूने जरा खचले होते, दार उघडताना वारा आला असावा.

मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात सासूबाईंनी विचारले, "तुला काय दिसलं?"

"पीठ, आई."

"मलाबी पीठच दिसलं," त्या म्हणाल्या. भांडी पालथी घालीत थोडा वेळ गेला. "पण ती येवढी लांबून आली व्हती. तिला काहीतरी दिसायला पायजे ना."

आम्ही दोघी त्या प्रसंगाविषयी बोललो ते एवढेच.

सगळे आपापल्या घरी परतल्यावर प्रश्न उरला तो सासूबाईंचा. त्यांनी माझ्याकडे राहायचे की मळ्यात जायचे? दीर भले गृहस्थ होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "वहिनी, तुमचं काम मोठं आहे. आईचं तुमच्यावर ओझं नको. मळ्यात माणसं असतात, तिचा वेळ जाईल. शिवाय दादाच नाही आता..." उन्हाळ्याच्या अखेरीस काय ते ठरवू, असे ठरले. त्याच सुमारास माझी रजा संपत होती आणि प्रबंधही तेव्हाच द्यायचा होता.

मी कामाला लागले. कामाची रीत थोडक्यात सांगते. एकाच आकाशगंगेची दोन अवरक्त चित्रे घ्यायची, एक कमी तरंगलांबीचे, एक जास्त. पहिल्याला दुसऱ्याने बिंदूगणिक भागायचे. भागाकार जिथे मोठा, तिथे धूळ अधिक उबदार. मग या भागाकाराच्या नकाशाशेजारी आणखी दोन नकाशे ठेवायचे: हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाचा, जो नवे तारे कुठे आहेत ते दाखवतो, आणि जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा. भागाकार कोणाच्या मागे जातो ते पाहायचे.

मात्र यात एक पथ्य आहे. तरंगलांबी जास्त असेल तर चित्र अधिक पुसट येते. म्हणून भागण्यापूर्वी चांगले, रेखीव चित्र मुद्दाम बिघडवून पुसट चित्राच्या पातळीला आणावे लागते. आमचे मार्गदर्शक माझ्याहून वयाने लहान होते आणि मला 'मॅडम' म्हणत. ते हे पथ्य सांगताना म्हणत, "मॅडम, आपला धंदाच असा. शहाण्याला आधी वेडा करायचा, मगच दोघांची तुलना."

त्या उन्हाळ्यात मला जो नकाशा मिळाला तो फार सुबक होता. भुजांवर, जिथे जिथे नवे तारे होते, अगदी तिथे तिथे उबदार ठिपके. बाकी सगळे थंड. मार्गदर्शकांना ई-मेलने पाठवला. उत्तर आले की हा निष्कर्ष सगळ्यांना पटेल, आता लिहायला घ्या. मी दोन प्रकरणे लिहिली. मनात समाधान नव्हते की शंकाही नव्हती. वाक्ये नीट होती.

मग एका सकाळी छपाईसाठी तो नकाशा मोठा करताना मला दिसले की प्रत्येक उबदार ठिपक्याभोवती एक थंड कडे आहे. प्रत्येकाभोवती, सारख्याच रुंदीचे. एखाद्या ठिकाणी निसर्ग असे कडे करू शकेल. सर्व ठिकाणी एकाच मापाचे करणार नाही. असे कडे एकाच कारणाने येते: रेखीव चित्राला पुसट चित्राने भागले की. मी फाइली तपासल्या. बिघडवलेल्या चित्रांचे फोल्डर वेगळे होते आणि मूळ चित्रांचे वेगळे. हे गेल्यानंतरच्या आठवड्यांत मी मूळ चित्रेच उचलून भागत बसले होते. आमच्या क्षेत्रात ही चूक नवी नाही. नवशिके करतात आणि त्यांना ती त्याच दिवशी कोणीतरी दाखवून देते. माझ्या वेळी तिने सर्वांना हवे होते तेच चित्र दाखवले, म्हणून ती टिकली.

मार्गदर्शकांना फोन केला. चूक सांगितली.

"मॅडम, वेळ आहे का आपल्याकडे?"

"नाही."

"मग?"

"पुन्हा करते."

"तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"हो," मी म्हणाले. खोटे नव्हते. कुठे दुखत असते तर मी सांगितले असते.

तेव्हापासून मी सकाळी खोलीत शिरत असे ती जेवायलाच बाहेर येई. सासूबाई पलीकडे एकट्या असत. टीव्हीचा आवाज त्या अगदी बारीक ठेवत. आमच्यात बोलणे व्हायचे ते भारनियमनात. त्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास वीज जाई, आणि जाण्याची वेळ सासूबाईंना वर्तमानपत्रापेक्षा पक्की ठाऊक असे.

"गेली का तुझी आकाशगंगा?" त्या बाहेरून हाक मारत. "ये मग इकडं. मेथी निवडाय लाग."

मी जाऊन बसे. त्या झटपट निवडत, मी एकेक पान पाहून निवडत असे, त्यावर त्यांचा शेरा ठरलेला होता: "पेपर तपासती का भाजी?"

एकदा त्यांनी विचारले, "ही येवढी धूळ हाय म्हणतीस वर. ती झाडायची कुणी?"

"कोणी नाही, आई. तिच्यातूनच पुढे नवे तारे तयार होतात."

"आस्सं." त्यांनी देठ मोडला. "मग नको झाडायला."

अशाच एका दुपारी त्यांनी एकदम सांगितले, "धाकटा म्हणतोय, मळ्यात चल. तुला काय वाटतं?"

आमच्या घरात अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे मला लहानपणापासून शिकवलेले होते. मी म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा, आई." वाक्य व्याकरणशुद्ध होते, आदराचे होते, आणि त्यात मी कुठेच नव्हते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, "बरं," म्हणाल्या, आणि निवडलेली भाजी घेऊन उठल्या. त्या उत्तराचा अर्थ त्यांनी काय घेतला हे समजण्याइतकी जाग मला तेव्हा नव्हती.

मे महिन्यात नवे नकाशे तयार झाले. ठिपके उरले होते, पण पुष्कळ नरमले होते. त्यांच्याखाली एक मोठा, शांत उतार दिसू लागला: मध्याकडून कडेकडे हळूहळू थंड होत जाणारा, आणि जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाच्या मागोमाग जाणारा. भुजांमध्ये नव्या ताऱ्यांचा वाटा होताच. भुजांच्या मधल्या जागेत आणि मध्याजवळ मात्र धूळ ज्यांच्यामुळे तापत होती ते तारे मंद, जुने आणि सर्वत्र पसरलेले होते. आमच्या नमुन्यातल्या आकाशगंगांपुरते तरी एवढे म्हणता येत होते. दोन्ही प्रकरणे मी नव्याने लिहिली.

"झालं?" सासूबाईंनी विचारले. "काय निघालं येवढं बसून?"

मी सांगितले. "सगळे समजत होते की धूळ नव्या ताऱ्यांनीच तापते. तसं दिसत नाही. जुन्यांचा वाटा बराच आहे."

"किती जुने?"

"आपल्या सूर्याएवढे. काही त्याच्याहूनही म्हातारे."

"हे सांगायला पुण्याला जायला लागतं व्हय?" त्या हसल्या. "म्हाताऱ्यांच्या जिवावर चालतं सगळं, हे आमच्या मळ्यातल्या गड्यालाबी ठाऊक हाय."

"सगळं नाही, आई. भुजांमध्ये नवेच जास्त तापवतात."

"बरं बाई. तिथं त्यांचं चालू दे."

त्या हसल्या होत्या हे माझ्या लक्षात आले ते दुसऱ्या दिवशी, आणि हे गेल्यापासून पहिल्यांदाच, हेही.

प्रबंध बांधणीला दिला त्याच आठवड्यात दीर टेम्पो घेऊन आले. मला आदल्या दिवशी कळले होते. सासूबाईंनी सामान स्वतः बांधले होते: पातळांची दोन गाठोडी, पितळी डबा, देवातला बाळकृष्ण. त्यांची लोखंडी खाट दीरांनी आणि ड्रायव्हरने मिळून मोकळी केली, टेम्पोत चढवली आणि दोरीने आवळली. मे महिन्याचे ऊन होते. कोणी काही उचलायला सांगेल याची वाट पाहत असल्यासारखी मी दारात उभी होते.

सासूबाई पायऱ्या उतरल्या. टेम्पोपाशी गेल्यावर त्या वळल्या.

"लाइट गेली की त्या खोलीत बसू नको," त्या म्हणाल्या. "हाक मारली नाय तर अंधारात नुसती बसून राहती तू. बाहेर येऊन बसत जा."

"बाहेर कोणाजवळ बसू?"

मी हे विनवणी म्हणून म्हटले नव्हते. मला त्यांची सूचना पाळायची होती आणि तिच्यात एक तपशील कमी पडत होता, म्हणून विचारले. पण विचारल्यावर मला उत्तर हवे आहे असे जाणवले, आणि उत्तर येत नव्हते. ड्रायव्हरने इंजिन चालू केले होते. दीरांनी हाताने त्याला थांबवले.

"आई, जाऊ नका," मी म्हणाले.

सासूबाई टेम्पोच्या सावलीत, दगडावर, होत्या तिथे बसल्या. पदराने त्यांनी तोंड पुसले. मग म्हणाल्या, "मग हे आधी नाय बोलायचं? खाट चढवली त्यानं."

"म्हणजे?" दीर म्हणाले. "आता उतरवायची का?"

"उतरव की. तुला काय दुसरं काम हाय?"

"काम? आई, मळ्यात झेंडूची रोपं लावायची पडलीत! गडी बसवून आलोय मी!"

"मग लवकर उतरव."

दीरांनी माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले, आणि दोरीची गाठ सोडायला लागले. "दोघी सारख्याच," ते ड्रायव्हरला सांगत होते. "महिनाभर मूग गिळून बसल्या. मी विचारलं, तर ही म्हणती तिला विचार, ती म्हणती हिला विचार. आणि बोलायचं कधी, तर दोरी आवळल्यावर."

"आन् जरा पुन्हा बडबड," सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे रोपं आपोआप लागतील."

खाट पुन्हा आत आणताना चौकटीला घासून तिचा रंग थोडा गेला. डोके कोणत्या बाजूला यावे यावर सासूबाईंनी पुन्हा एकदा मत बदलले. त्या गाठोडी सोडून पातळे कपाटात ठेवू लागल्या. दीर खाटेचे पाय बसवत होते, आणि एक पाय सरळ राहावा म्हणून मी तो धरला होता.

मला तेव्हा आनंद झाला असे लिहिणे अचूक होणार नाही. बधिरपणा एका दुपारीत जात नाही. माझा पुढे वर्षभर तरी टिकला, आणि कमी होत गेला तो कधी, हे मी सांगू शकत नाही. जे निश्चित सांगता येते ते एवढेच की खाटेचा पाय टेम्पोत उन्हाला पडून चांगला तापलेला होता आणि तो तापलेला आहे हे माझ्या तळव्यांना कळत होते.

"सोडा आता, वहिनी," दीर म्हणाले. "बसला तो."

मी आणखी थोडा वेळ धरून ठेवला.